मुलांच्या मनाचे आरोग्य : शाळेचे काम आणि समाजाचा वाटा

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत शिक्षणविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. न्यासाने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके वाटली, दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार केला. हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु ज्या मुलाचे मन अभ्यासावरून उडाले आहे, जो रोज हजेरीला असतो पण ज्याचे चित्त वर्गात नसते, जी मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच पायरीवर बसून राहते, ती मुले सत्काराच्या व्यासपीठापर्यंत कधीच पोहोचत नाहीत. आपल्या वार्षिक अहवालातही त्यांच्यासाठी एखादा रकाना नाही. म्हणून या लेखासाठी मी विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याचा, आणि त्या बाबतीत आपल्यासारख्या संस्थेला नेमके काय करता येईल याचा.

मानसिक आरोग्य म्हणजे काय?

हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वेड्यांचे इस्पितळ उभे राहते. ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. शरीर धडधाकट असणे म्हणजे जसे केवळ क्षयरोग नसणे नव्हे, तसेच मनाचे आहे. मुलाला झोप नीट लागणे, सवंगड्यांत मिसळता येणे, अपयश आले तरी पुन्हा उभे राहता येणे, मनातले दुःख कोणाजवळ तरी बोलता येणे, ही सारी मानसिक आरोग्याची लक्षणे होत. ती बिघडली की मूल वेडे होते असे नाही. ते चिडके होते, गप्प होते, शाळा बुडवू लागते, विनाकारण पोट दुखल्याची तक्रार करते. आपण त्याला आळशी, हट्टी किंवा ढोंगी म्हणून मोकळे होतो.

प्रश्न किती मोठा आहे हे काही आकड्यांवरून ध्यानात येईल. सन २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत कोणता ना कोणता मनोविकार आढळला. म्हणजे ४५ मुलांच्या वर्गात अशी तीन मुले धरावीत. नुसत्या काळजीने किंवा घरच्या भांडणांनी गांजलेली मुले यात धरलेली नाहीत. ती याहून कितीतरी अधिक. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयाचे मूल दिवसाचा जागेपणीचा मोठा भाग शाळेत काढते, आणि म्हणून हा प्रश्न शाळेच्या दाराशी येऊन थांबतो.

शिक्षक एकटा पुरेल काय?

साहजिकच सर्वांची नजर शिक्षकाकडे जाते. सरकारनेही हाच मार्ग धरला. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यातील अकरा विषयांत भावनिक व मानसिक आरोग्य हा एक विषय आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, त्याआधीच कर्नाटकातील हायस्कूल शिक्षकांना जीवनकौशल्यांचे शिक्षण कसे द्यावे हे शिकविले होते. ज्या शाळांत हे वर्ग चालले तेथील ६०० हून अधिक मुलांची तुलना इतर शाळांतील मुलांशी केली, तेव्हा त्यांचा आत्मविश्वास, अडचणींना तोंड देण्याची ताकद आणि शिक्षकांशी असलेले संबंध अधिक चांगले असल्याचे आढळले. तेव्हा शिक्षकाच्या हातून काहीच होत नाही, असे म्हणता येणार नाही.

परंतु वर्गात धडा शिकविणे वेगळे आणि एकेका मुलाचे मन जाणून घेणे वेगळे. हा भेद एका मोठ्या प्रयोगाने फार स्पष्ट केला. त्या प्रयोगाचे गोव्याशी नाते आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि गरजू माणसे लाखो, अशा देशात वैद्यकीय पदवी नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवून, त्यांच्या कामावर जाणत्यांची देखरेख ठेवून उपचाराचा काही भाग त्यांच्यावर सोपविता येईल काय, हा या संस्थेच्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न. गोव्यातील काही माध्यमिक शाळांत त्यांनी अशा समुपदेशकांचा प्रयोग प्रथम करून पाहिला. पुढे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात तो मोठ्या प्रमाणावर झाला. त्याला नाव दिले ‘सेहर’. सेहर म्हणजे पहाट.

नालंदा जिल्ह्यातील ७५ सरकारी माध्यमिक शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटात बाहेरून आलेला एक ‘सेहर मित्र’ नेमला. हा मित्र डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. त्याला या कामाचे शिक्षण दिलेले असे आणि त्याच्यावर देखरेख असे. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम त्याच शाळेतील एका शिक्षकावर सोपविला. तिसऱ्या गटात नेहमीचेच शिक्षण चालू ठेवले. मध्यंतरी एक शाळा गळाली. जून २०१५ मध्ये नववीच्या १३ हजारांवर मुलांची पाहणी करून आरंभ झाला, आणि आठ महिन्यांनी पुन्हा पाहणी केली. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले.

ज्या शाळांत बाहेरचा मित्र होता तेथे शाळेचे वातावरण पुष्कळ सुधारले. आपण या शाळेचे आहोत ही भावना, शिक्षकांविषयीचा विश्वास, शाळेच्या कामातील सहभाग या सर्व गोष्टी वाढल्या. मुलांमधील उदासीनता घटली, दांडगाई आणि मारामारी कमी झाली. आणि शिक्षकांकडे काम सोपविलेल्या शाळांत? तेथे नेहमीच्या शाळांपेक्षा काहीच फरक आढळला नाही. पुढच्या वर्षीही, एकूण सतरा महिन्यांनी, चित्र तेच राहिले. मित्र असलेल्या शाळांतील सुधारणा उलट वाढलेली दिसली.

मी स्वतः शिक्षक आहे. हा निष्कर्ष माझ्या पेशाला कमीपणा आणणारा आहे, असे प्रथमदर्शनी कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण त्यामागची कारणे कोणत्याही शिक्षकखोलीत बसणाऱ्याला ठाऊक आहेत. शिक्षकाच्या दिवसाचे तास आधीच भरलेले असतात. पोर्शन पुरा करायचा असतो, परीक्षा, निवडणुकीचे काम, जनगणना, माहितीचे तक्ते हे सगळे त्याच्याच गळ्यात असते. एखाद्या मुलीजवळ अर्धा तास निवांत बसायचे म्हटले तर पुढच्या वर्गाला कोण जाणार? दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शिक्षक हा गुण देणारा आणि शिस्त लावणारा असतो. ज्याच्या हातात प्रगतिपुस्तक आहे, जो पालकांना शाळेत बोलावू शकतो, त्याच्याजवळ मूल आपले गुपित सहसा उघडे करीत नाही. आणि ज्या मुलाला शिक्षकाचीच भीती वाटते, त्याने कोणाकडे जावे?

यावरून एक गोष्ट मनावर ठसते. नुसते प्रशिक्षण पुरेसे नाही. दोन्ही गटांचा कार्यक्रम एकच होता. एका ठिकाणी ते काम करायला मोकळा वेळ असलेला, मुलांना परका न वाटणारा, तरीही त्यांच्यावर सत्ता नसलेला माणूस होता. दुसरीकडे तो नव्हता. फरक पडला तो या माणसामुळे.

हे काम कसे चालते?

असा मित्र शाळेत येऊन काय करतो, हे ठाऊक नसल्यामुळे पालकांच्या मनात नाना शंका येतात. त्याचे काम तीन पायऱ्यांचे असते.

पहिली पायरी संपूर्ण शाळेची. प्रार्थनेच्या वेळी दोन शब्द बोलणे, भित्तिपत्रक चालविणे, स्पर्धा घेणे, मुख्याध्यापक, शिक्षक, पालक व विद्यार्थी यांची एक आरोग्य समिती स्थापणे, दांडगाई व शिक्षा यांविषयी शाळेचे नियम ठरवून ते सर्वांना कळविणे. याच पायरीवर एक साधी पण फार उपयोगी वस्तू येते, ती म्हणजे बोलकी पेटी. कुलूप लावलेल्या पेटीत मुले नाव लिहून किंवा न लिहिता चिठ्ठी टाकतात. कोणी लिहितो, मुलींच्या शौचालयाला कडी नाही. कोणी लिहिते, अमुक मुलगा रस्त्यात अडवितो. त्यातील सार्वजनिक गोष्टी समितीपुढे येतात, आणि आपल्या चिठ्ठीने काही हालले हे पाहून मुलांचा विश्वास बसतो.

दुसरी पायरी गटांची. मुलांचे लहान लहान गट आपले प्रश्न मांडतात आणि मित्राच्या मदतीने त्यांवर उपाय शोधतात. शिक्षकांसाठीही शिबिरे होतात.

तिसरी पायरी एकेका मुलाची. त्यात उपदेश कमी आणि ऐकणे अधिक असते. दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत ‘संगाथ’नेच या पायरीचा एक सुटसुटीत क्रम तपासून पाहिला. प्रथम समस्या नेमकी कोणती ते ठरवायचे, मग तिच्यावर सुचतील तेवढे पर्याय मांडायचे, आणि त्यांतला एक निवडून तो करून पाहायचा. सुमारे तीन आठवड्यांत चार-पाच भेटी, आणि सोबत चित्रांची छोटी पुस्तिका. २५१ मुलामुलींवर केलेल्या या तपासणीत, नुसती पुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा समुपदेशकाबरोबर काम केलेल्यांच्या अडचणी अधिक हलक्या झालेल्या आढळल्या. येथेही फरक पडला तो सोबत बसणाऱ्या माणसामुळे.

या तिन्ही पायऱ्यांवर न सुटणारी मुले थोडी असतात. त्यांना तज्ज्ञाकडे पाठवावे लागते. गोव्यात त्यासाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. कोणाला पाठवायचे हे ओळखणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग होय.

एक शंका नेहमी विचारली जाते: मूल मित्राजवळ बोलले ते सर्वांना कळणार काय? उत्तर असे की, ते मुलाच्या संमतीवाचून कोणाला सांगितले जात नाही. याला अपवाद आहेत आणि ते पहिल्या भेटीतच मुलाला सांगावयाचे असतात. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती कळविणे बंधनकारक आहे. येथे दडपादडपी करणे म्हणजे घराण्याची अब्रू वाचविण्यासाठी मुलाचा बळी देणे होय.

समाज कोठे येतो?

शाळेला ज्या गोष्टी कधीच कळत नाहीत त्या समाजाला कळतात. बालरथाच्या चालकाला ठाऊक असते की कोणता मुलगा रोज शेवटच्या बाकावर रडत येतो. माध्यान्ह आहार आणणाऱ्या बचतगटाच्या बायकांना दिसते की कोणती मुलगी डबा तसाच परत करते. गल्लीतल्या दुकानदाराला कळते की कोण शाळेच्या वेळी बाहेर भटकतो. आपल्याकडे अनेक घरांतला बाप आखातात किंवा बोटीवर असतो; आई एकटी संसार ओढते, आणि मुलाचे काय बिनसले हे तिला सांगायला कोणी नसते. ही सर्व माणसे जोडली गेली, आणि त्यांना कोणाकडे निरोप द्यावा हे कळले, तर निम्मे काम झाले.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. मूल गप्प झाले, बरळू लागले किंवा अंगात आल्यासारखे वागू लागले की आम्ही मुसलमान दर्ग्यावर ताईत आणायला जातो, हिंदू बांधव देवाला कौल लावतात, ख्रिस्ती बांधव नवस बोलतात. श्रद्धेने मनाला धीर मिळतो, हे कोणी नाकारू नये. पण केवळ तेथेच थांबल्यास काय होते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साऱ्या देशाने पाहिले. दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्याच्या उलट उदाहरण गुजरातचे. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांच्या दर्ग्यावर २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरकडे रुग्णाला पाठवितात. श्रद्धेशी भांडण न करता तिला सोबत घेतले की काय साधते, याचा हा धडा आहे. आपल्या गावची जमात, देवस्थान समिती आणि चर्च यांनी शुक्रवारी, उत्सवात किंवा रविवारी एवढेच जरी सांगितले की मनाच्या आजाराला औषध आहे, तर पुष्कळ पालकांची लाज जाईल.

कायदाही आता मुलाच्या बाजूला आहे. २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळेतील मारहाणीला बंदी केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली असलेला आणि मदतीस पात्र माणूस आहे, असे मानले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावेत, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तरी प्रशिक्षण द्यावे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत समुपदेशक मिळतात, पण एकाला अनेक शाळा सांभाळाव्या लागतात. जो आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो त्याची वाट मुलाचे दुःख पाहत नाही. सरकारच्या योजनेत राहिलेली ही फट भरून काढणे, हेच आपल्यासारख्या न्यासाचे काम आहे.

न्यासाने काय करावे?

महोत्सवाच्या निमित्ताने एखाद्या मोठ्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, अशी सूचना येईल. व्याख्यान जरूर ठेवावे. पण एका व्याख्यानाने किंवा एका दिवसाच्या शिबिराने काम भागले असे मानू नये. वर सांगितलेल्या प्रयोगाचा धडा नेमका हाच आहे. माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

१. न्यासाने आपल्या वार्षिक उत्पन्नातून दोन-तीन शेजारच्या शाळांसाठी मिळून एका मित्राचे मानधन द्यावे. तो गावातलाच सुशिक्षित तरुण किंवा तरुणी असावी, पण त्या शाळेचा शिक्षक नसावा.

२. त्याचे प्रशिक्षण आणि पुढची देखरेख या क्षेत्रातील अनुभवी संस्थेकडे सोपवावी. देखरेखीवाचून नेमणूक करू नये. ऐकणाऱ्याच्याही मनावर भार येतो, आणि चूक झाल्यास ती सुधारणारा कोणी हवा.

३. शाळांनी त्याला एक स्वतंत्र खोली आणि वेळापत्रकात ठराविक तास द्यावेत. जिन्याखाली खुर्ची टाकून हे काम होत नाही.

४. शिक्षकांचे काम मर्यादित पण स्पष्ट असावे: बदल ओळखणे, मुलाला हिणवू नये, आणि त्याला मित्रापर्यंत पोहोचविणे.

५. पालकांसाठी वर्षातून तीन-चार सभा घराजवळ, सायंकाळी, मराठीत व कोकणीत घ्याव्यात.

६. वर्षाअखेर हिशेब मांडावा: किती मुले आली, किती पुन्हा नियमित शाळेत बसू लागली, किती तज्ज्ञाकडे गेली. कोणाचेही नाव त्यात नसावे.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. झोप, जेवण, अभ्यास किंवा मित्रमंडळ यांत अचानक झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर रागावण्याआधी विचारावे. मूल मरणाची भाषा बोलले, तर ती धमकी समजून उडवून लावू नये. अशा वेळी सरळ आणि शांतपणे विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार शिरत नाही. उलट त्याचे ओझे हलके होते. मुलाला एकटे सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे घरातल्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावेत.

न्यासाच्या इमारतीसाठी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. मित्राच्या मानधनासाठी दिलेल्या देणगीची पाटी कोठेही लागणार नाही, आणि तिचे फळ पदवीदान समारंभासारखे डोळ्यांना दिसणारही नाही. एखादे मूल शाळा सोडता सोडता राहील, एखाद्या घरावरचे संकट टळेल, आणि ते टळले हे शेजाऱ्यालाही कळणार नाही. असे दान करण्याची परंपरा आपल्या सर्व धर्मांत आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी या विषयाचा विचार करावा आणि निदान एका शाळेपासून आरंभ करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.